अडगळीतल्या वस्तूंना घर देणारा माणूस : दिनकर केळकर

१० जानेवारी जयंती विशेष

आपल्या जळगाव-धुळ्याकडून शाळेची सहल पुण्याला गेली की शनिवारवाडा, सिंहगड आणि केळकर म्युझियम ही तीन नावं ठरलेली असतात. म्युझियमच्या दारावर 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' अशी पाटी आहे. ती वाचून अनेक पोरांना, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही, वाटतं की दिनकर केळकर नावाचा कुणी राजा होऊन गेला असेल आणि हे सामान त्याच्या राजवाड्यातलं असेल.

तसं काही नाही. दिनकर गंगाधर केळकर हे पुण्यात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या घरातले. ना जहागीर, ना संस्थान. 'राजा' हे त्यांच्या मुलाचं नाव. हा मुलगा लहानपणीच गेला. बापाने आयुष्यभर गोळा केलेल्या हजारो वस्तूंना स्वतःचं नाव आधी न लावता मुलाचं नाव लावलं. त्या पाटीवर बाप-लेक असे शेजारी शेजारी उभे आहेत.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. त्यातली साठ-सत्तर वर्षं त्यांनी एकाच कामाला दिली. लोकांच्या माळ्यावर, कोनाड्यात, परसात पडलेली जुनी वस्तू शोधायची, ती मागायची, विकत घ्यायची, पुसून घरी ठेवायची. आज गावोगाव भंगारवाला मोटारसायकलवर वजनकाटा लटकवून फिरतो आहे, तेव्हा या माणसाची ओळख आपल्याला असायलाच हवी.

कवी ते संग्राहक

केळकरांची पहिली ओळख संग्राहक म्हणून नव्हती. ते कवी होते. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते कविता लिहायचे. मराठ्यांच्या इतिहासाची त्यांना ओढ होती आणि ती कवितेतही उतरत होती. पण जुन्या काळावर लिहायचं तर तो काळ दिसायला पाहिजे. लोक कशात जेवत होते, दिवा कसला लावत होते, पान कशाने कातरत होते, पत्र कशाने लिहीत होते, हे बखरीत फारसं सापडत नाही. बखरीत लढाया असतात, तह असतात, कोण गादीवर बसलं ते असतं. घरातली बाई कुठल्या फणीने केस विंचरत होती हे कुणी लिहून ठेवत नाही.

१९२० च्या सुमारास केळकरांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. त्या काळात पुण्यातल्या आणि आजूबाजूच्या जुन्या वाड्यांची अवस्था बिकट झाली होती. पेशवाई जाऊन शंभर वर्षं उलटली होती. सरदार घराण्यांची उत्पन्नं आटली होती, वाटण्या झाल्या होत्या. वाडे पडत होते. पितळ-तांब्याचं सामान मोडीत जात होतं, कोरीव लाकूड चुलीत जात होतं. घरातल्या नव्या पिढीला काचेच्या चिमणीचा कंदील आणि कपबशी हवी होती. जुनं म्हणजे अडगळ.

ज्या काळात सगळे ती अडगळ बाहेर काढत होते, त्याच काळात हा माणूस ती आत घेत होता.

ज्याला किंमत नाही ते गोळा करायचं

जुन्या वस्तू जमवणारे तेव्हाही होते. पण त्यांचं लक्ष सोनं, चांदी, रत्नं, तलवारी, राजे-महाराजांची चित्रं यावर. त्याला बाजार होता. केळकरांचं वेगळेपण असं की त्यांनी रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूंवर नजर ठेवली. अडकित्ता, कुलूप, दिवा, दौत, फणी, वज्री, पानाचा डबा, कुंकवाचा करंडा, लहान मुलांची खेळणी, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं, दाराच्या चौकटी. ज्या वस्तू घराघरात होत्या आणि म्हणूनच ज्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं अशा.

यात त्यांना दिसलं काय? एक उदाहरण घेऊ. अडकित्ता म्हणजे दोन दांड्या, एक खिळा आणि एक पातं. सुपारी कातरायला एवढं पुरतं. पण जुन्या कारागिराने तेवढ्यावर सोडलं नाही. त्याने दांड्यांना घोड्याचा, पोपटाचा, मोराचा आकार दिला. कुठे स्त्री-पुरुषाची जोडी घडवली. सुपारी काही त्यामुळे जास्त बारीक कातरली जात नव्हती. पण जेवण झाल्यावर चार माणसं पान खायला बसली की तो अडकित्ता हातोहात फिरायचा आणि प्रत्येक जण तो एकदा तरी निरखून पाहायचा.

कुलपांचं तसंच. कुलूप विंचवाच्या आकाराचं केलं तर चोर घाबरून पळत नाही. पण घरधन्याला ते आवडायचं आणि लोहाराला आपली कला दाखवायला मिळायची. काही जुन्या कुलपांना किल्लीचं भोक दिसतच नाही. एखादी पट्टी सरकवली, एखादी कळ दाबली की ते उघडं पडतं. काहींना एकापेक्षा जास्त किल्ल्या लागतात. हे सगळं गावच्या लोहाराने भात्यापुढे बसून केलेलं काम.

वज्री तर आता नव्या पोरांना माहीतच नसेल. न्हाताना पायाच्या टाचा घासायची ती वस्तू. खालून खरखरीत, वरून धरायला मूठ. मूठ म्हणजे कधी मोर, कधी हत्ती. काही पितळी वज्र्या आतून पोकळ असायच्या आणि त्यात बारीक खडे भरलेले असायचे. टाच घासली की खुळखुळ आवाज यायचा. न्हाणीघरात, जिथे दुसरं कुणी बघायला नाही, तिथल्या वस्तूलाही कुणीतरी इतक्या प्रेमाने घडवलं होतं. केळकरांनी हे ओळखलं आणि त्यासाठी सबंध आयुष्य खर्ची घातलं.

दिव्यांवर त्यांचा विशेष जीव. समई, लामणदिवा, निरांजन, हातात दिवा धरून उभी असलेली दीपलक्ष्मी, साखळीला टांगलेला पक्ष्याचा दिवा, असे नाना प्रकार त्यांनी जमवले. भारतातल्या दिव्यांवर त्यांनी पुस्तकही लिहिलं. वीज येऊन गावोगाव बल्ब लागत होते, त्याच काळात ते विझलेल्या दिव्यांची नोंद करत होते.

दौत, बोरू आणि कलमदान

त्यांच्या संग्रहातल्या लिहिण्याच्या सामानाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ही वस्तू आपल्याकडच्या पाटील, कुळकर्णी, देशमुख, सावकारांच्या घरांत अजूनही निघते आणि ती काय आहे हे घरच्यांनाच कळत नाही.

पेन येण्याआधी लिहायला बोरू होता. बोरू म्हणजे वेतासारख्या गवताची काडी. ती वाळवून, टोक तिरकं कापून, मधोमध चीर द्यायची. शाई घरी करायची. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी खूप वेळ घोटायचं. ही काजळीची शाई चिवट असते. उन्हाने आणि वर्षांनी ती सहसा उडत नाही. म्हणूनच दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद उघडले तर अक्षर आजही काळंभोर दिसतं, कागद मात्र पिवळा पडलेला असतो. लिहून झालं की ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरवायची, शाई टिपली जायची. त्यासाठी भोकाभोकांच्या झाकणाची वेगळी डबी असायची.

कारकुनाला हे सगळं सोबत बाळगावं लागे. म्हणून कलमदान निघालं. पितळेची लांबट नळी किंवा पेटी, आत बोरू ठेवायला जागा आणि एका टोकाला जोडलेली झाकणाची दौत. ही वस्तू कमरेच्या शेल्यात खोचून माणूस घोड्यावर बसू शके आणि शाई सांडत नसे. दौतीही एकसारख्या नसायच्या. कुठे कमळ, कुठे मंदिराचा घुमट, कुठे वर पक्षी बसलेला. हुद्दा मोठा तशी दौत नक्षीची.

पुढे फाऊंटन पेन आलं. अमेरिकेत वॉटरमन यांनी १८८४ साली त्याचं पेटंट घेतलं आणि दौत पेनाच्या पोटात गेली. खरं पाहिलं तर हीच अडचण आपल्या कलमदानवाल्या तांबटाने आपल्या परीने आधीच सोडवायला घेतली होती. शाई सोबत न्यायची पण सांडू द्यायची नाही. आपल्याकडे स्वदेशीच्या काळात पेनं आणि शाई तयार होऊ लागली. आंध्रातल्या राजमुंद्रीत रत्नम पेन हाताने घडवलं जाऊ लागलं. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईचा उद्योग सुरू केला, तोच पुढे कॅम्लिन झाला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या खेड्यातल्या माणसाने शाळेत ड्रॉपरने शाई भरलेली आहे, निबाचं टोक मोडलं म्हणून मार खाल्लेला आहे आणि सदऱ्याच्या खिशाला पडलेला निळा डाग मिरवलेला आहे.

शाईचं पेनही आता दौतीच्या रांगेत जाऊन बसलं. जगभर आता जुनी पेनं जमवणारे हौशी लोक आहेत. कुणी पट्टी ओढून शाई भरणारं पेन शोधतं, कुणी मागचा दट्ट्या ओढून भरणारं, कुणी सापाच्या आकाराची क्लिप असलेलं. आजोबांच्या कोटाला लावलेलं पेन कुठल्या ट्रंकेत असेल तर ते फेकू नका, एवढंच यावरून लक्षात घ्यायचं.

पैसा कुठून आला?

आपल्या वाचकाला हा प्रश्न पडणारच. दुकानाची मिळकत होती, पण ती घर चालवण्यापुरती. सरकारी अनुदान नाही, कुणी शेठ पाठीशी नाही. वस्तू तर देशभरातून येत होत्या. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, कर्नाटक, केरळ, जिथे सुगावा लागेल तिथे केळकर जात.

या सगळ्याचा भार घरावर पडत होता. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी हा संसार सांभाळला. पतीच्या छंदापायी त्यांच्या अंगावरचे दागिनेही मोडले गेले, असं सांगितलं जातं. कुणा परक्या घरातला पितळी दिवा आणायला आपल्या घरातलं सोनं द्यायचं, हा हिशोब कुठल्याही बाईला पटणं कठीण. पण कमलाबाई त्यांच्या सोबत राहिल्या. वस्तू घासणं-पुसणं, ठेवणं, आल्यागेल्याचं बघणं यात त्यांचाही हात होता. संग्रहालयाच्या गोष्टीत या बाईचं नाव मागे राहतं, ते पुढे आणायला हवं.

घासाघीस करण्यात केळकर पटाईत होते. पण वस्तू मिळवायची तर नुसते पैसे पुरत नाहीत. कुणाच्या आजीचा करंडा मागायचा म्हणजे आधी आजीच्या गोष्टी ऐकाव्या लागतात. ज्या घराची परिस्थिती उतरली आहे, त्या घरातून वस्तू घेताना त्या घराची लाजही राखावी लागते. हे काम धीराने आणि मान ठेवूनच होतं. एकदा नाही म्हटलेल्या दारात पुन्हा जावं लागतं.

राजा गेल्यानंतर

केळकरांचा मुलगा राजा लहान वयातच वारला. त्या दुःखाबद्दल बाहेरच्या माणसाने जास्त काय लिहावं? एवढं खरं की पुढे जे काही जमलं ते या मुलाच्या नावाने जमलं. ज्या घरात खेळणारं लेकरू राहिलं नाही, त्या घरात देशभरातली जुनी खेळणी येऊन बसली. राहत्या घराच्या खोल्या वस्तूंनी भरत गेल्या आणि घराचंच संग्रहालय होत गेलं.

१९६० पर्यंत वस्तूंची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली होती. ही एका माणसाच्या हयातीत, एका कुटुंबाच्या कमाईवर झालेली जमवाजमव आहे हे लक्षात घेतलं की छाती दडपते.

मग केळकरांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. १९६२ साली त्यांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. विकला असता तर सात पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. परदेशात अशा वस्तूंना तेव्हाही गिऱ्हाईक होतं. पण एक एक करून विकलेला संग्रह म्हणजे उसवलेली गोधडी, हे त्यांना माहीत होतं. तो एकत्र राहावा, पुण्यातच राहावा आणि कुणालाही तिकीट काढून पाहता यावा, असा विचार त्यांनी केला. पुढची देखरेख त्यांच्या कुटुंबातल्या लोकांनीही हयात घालून केली.

आज या संग्रहालयात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. जागा कमी असल्यामुळे त्यातल्या साधारण अडीच हजारच मांडलेल्या असतात. म्हणजे आपण सहलीत जे बघून येतो ते जमवलेल्याच्या आठव्या हिश्श्याएवढंच.

मस्तानीचा महाल

वस्तू कितीही लहान असो, केळकर ती खिशात घालून आणत. पण एकदा त्यांनी अख्खा महाल आणला. पहिल्या बाजीरावांनी १७३४ साली मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता. पुढे तो पडक्या अवस्थेत गेला. आज कोथरूड म्हणजे पुण्याचा गजबजलेला भाग, पण त्या काळी ते गावाबाहेरचं खेडं. केळकरांनी त्या महालाचे उरलेसुरले लाकडी खांब, कमानी, कोरीव भाग सोडवून आणले आणि आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. मूळ जागी आता तो महाल नाही. जे काही उरलं आहे ते या माणसाने वेळेवर हलवलं म्हणून उरलं.

मस्तानीला हयातीत पुण्याने मनापासून घर दिलं नाही, हे आपण सगळे ऐकून आहोत. तिच्या महालाच्या लाकडांना मात्र दोनशे वर्षांनी एका चष्मेवाल्याने आपल्या दारात जागा दिली.

मान मिळाला, सवय सुटली नाही

पुणे विद्यापीठाने केळकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. १९८० साली भारत सरकारने पद्मश्री दिली. तेव्हा त्यांचं वय चौऱ्याऐंशी होतं. या वयात माणूस सत्कार घेऊन आरामखुर्चीत बसतो. पण 'काका' म्हणून सगळ्यांना परिचित असलेले केळकर शेवटपर्यंत वस्तूंतच रमलेले राहिले. ज्या कवितेने सुरुवात केली होती ती मागे पडली. पण त्यांचा संग्रह पाहताना वाटतं की हा माणूस कवीच होता, फक्त पुढे शब्दांऐवजी अडकित्ते आणि दिवे मांडत गेला.

आपल्या खान्देशात

हे सगळं पुण्याचं झालं, आपलं काय, असं कुणी म्हणेल. तर आपल्याकडेही अशी माणसं झाली आहेत आणि त्यांची आठवण इथेच काढायला हवी.

धुळ्यात इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला. केळकरांनी वस्तूंचं जे केलं तेच राजवाड्यांनी कागदांचं केलं. तरुणपणीच पत्नी वारली, पुन्हा लग्न केलं नाही. गावोगाव फिरून लोकांच्या घरातली जुनी दप्तरं त्यांनी शोधली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले. त्यांच्या नावाने १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. बोरूने लिहिलेला मोडी कागद काय असतो हे पाहायला खान्देशच्या माणसाला पुण्याला जायची गरज नाही.

चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे. जगभर नावाजलेले छायाचित्रकार. आयुष्याची कितीतरी दशकं ते त्या घराबाहेर क्वचितच पडले. फोटो, चित्रं, शिल्पं, जुन्या वस्तू असं सगळं त्यांनी त्या घरात उभं केलं. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले, केळकरांच्या आधी जेमतेम साडेतीन महिने. त्यांचं घर आज कलादालन म्हणून जपलेलं आहे. चाळीसगाववरून रोज हजारो माणसं रेल्वेने ये-जा करतात, पण उतरून ते घर पाहणारे किती?

आणि आसोद्याच्या, जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची गाणी घरच्यांनी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली. त्या गेल्यावर मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. ती वही रद्दीत गेली असती तर? आपल्या माहेरच्या आणि शेतातल्या बोलीचं सगळ्यात मोठं धन कायमचं गेलं असतं.

आपल्या माळ्यावर काय आहे?

आता शेवटचं, आणि रोजच्या कामाचं.

खान्देशात धाब्याची घरं पडून स्लॅब पडताहेत. चांगली गोष्ट आहे, पावसात गळणारं घर कुणाला हवं? पण घर पाडताना माळ्यावरचं सगळं एका दिवसात बाहेर येतं आणि त्याच दिवशी भंगारवाला दारात उभा असतो. घंगाळ, बंब, समई, पानाचा डबा, बैलाच्या गळ्यातली घंटा, जुनं कुलूप, दौत, कागदांचं गाठोडं. पितळेचा भाव किलोवर. कागद तर फुकटच. अर्ध्या तासात आजोबा-पणजोबांचं घर टेम्पोत जातं.

सगळं ठेवा असं कुणी म्हणणार नाही. घर म्हणजे संग्रहालय नव्हे. पण देण्याआधी एवढं करता येईल.

पहिलं, भांड्यावर कोरलेलं नाव वाचा. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव, कधी तारीखही कोरलेली असते. आपल्या आजीचं माहेर कुठलं हे सांगणारा तो एकच पुरावा असू शकतो. भांडं देणारच असाल तर आधी मोबाईलवर त्या नावाचा फोटो काढा.

दुसरं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की ही वस्तू कुणाची, कशाला वापरायचे. ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. जिची गोष्ट माहीत नाही ती वस्तू म्हणजे नुसतं पितळ.

तिसरं, मोडी कागद असतील तर जाळू नका, पाण्यात टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनही ठेवू नका. कोरड्या सुती फडक्यात ठेवा आणि वाचणाऱ्याला दाखवा. त्यात तुमच्या शेताची, वतनाची, विहिरीची नोंद असू शकते.

चौथं, जुनी नक्षीची वस्तू चिंच-पावडर लावून खसाखसा घासू नका. नक्षी झिजते ती परत येत नाही.

पाचवं, कायद्याची गोष्ट. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखिताला ही मुदत पंचाहत्तर वर्षांची आहे. नांगरताना किंवा विहीर खोदताना जमिनीतून जुनी नाणी, दागिने असं धन निघालं तर दहा रुपयांहून जास्त किमतीचं असल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. हा कायदा १८७८ पासूनचा आहे. रात्री गाडी घेऊन येणाऱ्या आणि कागदपत्र न करता रोख देणाऱ्या माणसापासून जपून राहा.

केळकरांच्या काळात एका शहरात एकच माणूस दारोदार फिरत होता आणि तेवढ्याने वीस हजार वस्तू वाचल्या. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. गावच्या शाळेतल्या एका खोलीत, ग्रामपंचायतीच्या एका कपाटात गावातल्या पन्नास वस्तू नाव-गाव लिहून मांडल्या तरी पुढच्या पोरांना आपले पणजोबा कसे जगले हे डोळ्यांनी दिसेल. त्याला ना मोठा निधी लागतो, ना राजाचा राजवाडा.

यंदा सहल पुण्याला गेली तर पोरांना नुसतं रांगेतून पुढे ढकलू नका. वज्रीसमोर, कुलपांसमोर, दौतींसमोर दोन मिनिटं उभं करा. दारावरच्या पाटीतला राजा कोण होता, तेही सांगा.